खुर्चीसकट

थियाच्या घरात बसायला चांगली जागा एकच होती. स्वयंपाकघरात, लोखंडी शेगडीच्या बाजूला, खिडकीपाशी. तिथून खालचा मातीचा रस्ता, पलीकडची टेकडी आणि टेकडीवर चरणाऱ्या शेजाऱ्यांच्या गाई, सगळं मान न वळवता दिसायचं. त्या जागी मोहरीच्या रंगाची एक मागे रेलणारी खुर्ची होती. तिचा खटका कधीच मोडला होता, त्यामुळे ती कायमची अर्धवट रेललेली. तीत धड बसताही येत नसे आणि धड आडवंही होता येत नसे. लग्न करून या घरात येऊन थियाला तीन वर्षं झाली होती. त्या खुर्चीत ती एकदाही बसली नव्हती, कारण तिथे आधीपासून

कुत्रा होता.

त्याचं नाव जज. लांब कान, आखूड पाय, लोंबते गाल आणि समोरच्याला जन्मठेप द्यावी की ताकीद देऊन सोडावं याचा विचार चालू असल्यासारखा चेहरा. तो काही करत नसे. पोस्टमन आला तरी भुंकत नसे. कोल्हा कोंबड्यांच्या खुराड्यापाशी आला, तर दोन्ही बाजू ऐकून घेत असे. एकदा शेगडीचं धुराडं तुंबलं, घरभर धूर झाला, छताला लावलेला धुराचा भोंगा केकाटायला लागला आणि सगळं घर, मांजर आणि बदकासकट, अंगणात जमलं. जज आतच. नवरा ओला टॉवेल तोंडाला बांधून त्याला आणायला गेला तेव्हा जजने एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला.

"पुढची तारीख दिली," असं नवरा अजून सांगतो.

नवऱ्याचं नाव ऑरिन. हिवाळ्यात गावच्या रस्त्यांवरचा बर्फ ढकलायचा आणि उन्हाळ्यात त्याच रस्त्यांवर खडी पसरायची, हे त्याचं काम. त्याची पहिली बायको बर्फाला कंटाळून अ‍ॅरिझोनात गेली ती तिथलीच झाली. त्यांची मुलगी विला, तेरा वर्षांची, बापाजवळ राहिली. कुत्रा बापाचा, मांजर घराचं, आणि ग्लॅडिस नावाचं बदक विलाचं. ग्लॅडिसला हे मान्य नव्हतं. ती दिवसभर थियाच्या मागे पायात पाय घालत फिरायची.

थिया शहरातली. शहर म्हणजे तासाभरावरचं बर्लिंग्टन. तिथल्या डोळ्यांच्या दवाखान्यात ती लोकांच्या नाकांवर चष्मे बसवायची आणि अजूनही आठवड्यातले चार दिवस तेच करायला जायची. पण व्हरमाँटच्या त्या खेड्याच्या हिशेबात तासाभरावरचं म्हणजे परदेशच.

विला तिच्याशी वाईट वागत नव्हती. थियाचं दुखणं तेच होतं. बापाला विला "ए म्हाताऱ्या" म्हणायची, त्याच्या टकलावर, त्याच्या गाण्यावर, त्याच्या पॅनकेकवर तोंडसुख घ्यायची. थियाने मात्र पॅनकेक जाळले तर म्हणायची, "थँक्यू थिया, छान झालेत." तीन वर्षं ही पोर तिच्याशी हॉटेलात आल्यासारखी वागत होती. या घरात थट्टा सगळ्यांची व्हायची, बदकाचीसुद्धा. फक्त थियाची कुणी करत नसे, आणि ही गोष्ट कुणाला सांगावी तर ऐकणाऱ्याने विचारलं असतं, की मग अडचण काय आहे?

म्हणून तिने खुर्चीचं मनावर घेतलं.

तिची स्वतःची एक खुर्ची होती. निळी, वाचायची, शहरातल्या घरातून आणलेली. ती तीन वर्षं गोठ्याच्या माळ्यावर ताडपत्रीखाली पडून होती, कारण स्वयंपाकघरात जागा नव्हती. जागा का नव्हती ते वर आलंच आहे.

"बघू एकदा," ऑरिन म्हणायचा. ऑरिनचं 'बघू' म्हणजे भिजत घोंगडं. मग थियाने आपल्या पैशांनी जजसाठी म्हाताऱ्या कुत्र्यांची खास गादी आणली. जजने ती हुंगली, थियाकडे पाहिलं आणि खुर्चीत जाऊन बसला. गादीवर आता ग्लॅडिस झोपते.

आणि मग मे महिन्याचा पहिला शनिवार आला. त्या दिवशी सगळं राज्य हिरव्या पिशव्या घेऊन रस्त्यावर उतरतं आणि वितळलेल्या बर्फाखालून निघालेला वर्षाचा कचरा उचलतं. विला शाळेच्या पोरांबरोबर पहाटेच निघून गेली. ऑरिन भावाच्या छपराचे पत्रे बदलायला गेला, तो संध्याकाळी येणार होता. घरात थिया, आणि जनावरं.

या गावात कायदे फारसे कुणी पाळत नाही, पण एक पाळतात. घराच्या वाटेच्या तोंडाशी, रस्त्याला लागून, 'फुकट' अशी पाटी लावून जे ठेवलं, ते ठेवणाऱ्याचं राहिलं नाही. जो पहिला गाडीत घालेल त्याचं. दार वाजवायचं नाही, आभार मानायचे नाहीत, आणि परत मागायचं तर नावच काढायचं नाही. एकाने चुकून बायकोचं चालू शिवणयंत्र ठेवलं होतं. ते तीन घरं पलीकडे गेलं. बायको गेली वीस वर्षं त्या तिसऱ्या घरी जाऊन शिवते, पण यंत्र तिने मागितलेलं नाही.

जज सकाळी एकदाच बाहेर पडायचा आणि सफरचंदाच्या झाडाखाली बराच वेळ काढायचा. तेवढ्यात थियाने खुर्ची दारातून ओढून काढली, विलाच्या बर्फावरच्या घसरगाडीवर चढवली, आणि ओल्या गवतावरून खेचत रस्त्यापर्यंत नेली. ग्लॅडिस मागे मागे, देखरेखीला. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर तिने मोठ्या अक्षरात लिहिलं: फुकट, घेऊन जा. पाटी खुर्चीच्या पाठीला टेकवली.

खुर्चीच्या जागी जमिनीवर निघालं ते असं: विलाचा एक हातमोजा, दगड झालेला पॅनकेक आणि आता घरात नसलेल्या टीव्हीचा रिमोट. थियाने जागा झाडली, पुसली, निळी खुर्ची आणून मांडली, कॉफी ओतून घेतली आणि बसली. खिडकीतून गाई दिसल्या. खाली रस्त्यावर पाहिलं तर मोहरीच्या रंगाचा ठिपका गेलेलाही होता. इतक्या लवकर. कुणीतरी वेडा भेटला, ती मनात म्हणाली, आणि पाय लांब केले.

घर शांत होतं. इतकं शांत, की शेगडीचं लोखंड थंड होताना टकटक करतं हे तिला पहिल्यांदा कळलं. तीन वर्षांत कधी ऐकू आलं नव्हतं, कारण या वेळी घरात कायम ऐकू यायचं ते

घोरणं

नव्हतं.

मग तिने गादीवर पाहिलं, तिथे मांजर होतं, आणि सफरचंदाखाली पाहिलं, तिथे कुणी नव्हतं, आणि गोठ्यात, आणि खुराड्यामागे, आणि हाका मारल्या, जरी जजला हाक मारणं म्हणजे टेकडीला हाक मारण्यासारखंच होतं, आणि मागे बदक, आणि विहिरीच्या झाकणाजवळ, आणि लाकडांच्या राशीमागे, आणि पुन्हा सफरचंदाखाली, जणू मघाशी नीट पाहिलं नसेल, आणि मग घसरगाडीने आडवं केलेलं गवत धरून खाली खाली, रस्त्यापर्यंत, जिथे मे महिन्याचा चिखल अजून लोण्यासारखा होता आणि त्यात पंजांचे ठसे उमटले होते, आखूड पायांचे, घाई नसलेले, थेट खुर्चीच्या जागेपर्यंत गेलेले.

परत आलेले ठसे नव्हते. तिथून पुढे चाकांचे होते.

थियाच्या तोंडचं पाणी पळालं. तिने ग्लॅडिसकडे पाहिलं. ग्लॅडिस दुसरीकडे बघायला लागली.

गावात कुणी काय नेलं हे कळायची जागा एकच, आणि ती फक्त शनिवारी उघडी असते. थियाने जुन्या पिकअपमध्ये अर्धी भरलेली कचऱ्याची पिशवी टाकली, कारण रिकाम्या हाताने तिथे जाणं बरं दिसत नाही, आणि निघाली

कचरा टाकायच्या जागी.

डेल (फाटकावरचा, खुर्चीत बसलेला): तू ऑरिनची ना?

थिया: हो.

डेल: नवीन.

थिया: तीन वर्षं झाली.

डेल: तेच म्हणतो मी.

थिया: डेल, आज सकाळी कुणी एक पिवळी खुर्ची…

डेल: अच्छा. म्हणजे ती तू होय.

काचेच्या बाटल्या टाकणारी एक बाई (बाटल्या टाकायच्या थांबून): कोण कोण?

डेल: ऑरिनची बायको. कुत्रंवाली.

बाई: अगंबाई.

थिया: मी कुत्रा दिला नाही. मी खुर्ची ठेवली होती.

डेल: लुएला पाइक येऊन गेली. ट्रेलरवर खुर्ची, खुर्चीत कुत्रं. वाऱ्यावर कान उडवत. सगळ्यांना दाखवलं तिने. पाटीसुद्धा दाखवली.

बाई: म्हातारं झालं की नको होतं लोकांना.

थिया: तो आपला आपण जाऊन बसला हो.

डेल: असेल. पण पाटी तुझीच ना?

थिया: पाटी माझी.

डेल: मग कायद्याने तो आता लुएलाचा.

बाई: आणि तिथे बरा राहील. बेकन घालते ती कुत्र्यांना.

थियाच्या मागे हिरवी पिशवी धपकन खाली पडली. गोळा केलेल्या पिशव्या पोरं इथेच आणून टाकतात, हे तिला माहीत होतं, आता आठवलं. विला उभी होती, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात कुणाच्या तरी गाडीच्या चाकाचं टोपण.

"थिया," ती म्हणाली, "तू जजला रस्त्यावर ठेवलंस का, ते मला सांगशील, प्लीज?"

थियाला त्या प्लीजची भीती वाटली. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं.

"गाडीत बस," ती म्हणाली. "जाताना सांगते." आणि सांगायला तर काहीच नव्हतं, म्हणून ती नुसती गाडी चालवत राहिली

पुलापर्यंत.

"मी फक्त खुर्ची ठेवली," पूल ओलांडल्यावर थिया म्हणाली. "कुत्रा वेगळा, खुर्ची वेगळी."

"तू त्यांना कधी वेगळं पाहिलंयस?"

थियाने आठवून पाहिलं. "सफरचंदाखाली."

"ते पाच मिनिटं."

"जास्त लागतात त्याला."

विला हसली नाही. खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "ठीक आहे. तू मुद्दाम केलं नाहीस. मी समजू शकते."

"विला, तू मला थोडं बोल तरी."

"मी बोलतेय की."

"तसं नाही. बापाला बोलतेस तसं."

विलाने तिच्याकडे पाहिलं, म्हणजे नीट पाहिलं, आणि पुन्हा बाहेर पाहायला लागली. "तो बाबा आहे," ती म्हणाली. तेवढ्यात डांबरी रस्त्याला लागून पाइकबाईंचं फाटक आलं.

लुएला पाइक ऐंशीच्या पुढच्या. एकट्या, मेंढ्यांबरोबर राहायच्या. आता पायरीवर बसून, दोन गुडघ्यांत एक कोकरू उलटं धरून त्याचे खूर तासत होत्या. त्यांच्यामागे व्हरांड्यात मोहरीच्या रंगाची खुर्ची. खुर्चीत जज. खुर्चीच्या हातावर रिकामी बशी.

"या," पाइकबाई मान वर न करता म्हणाल्या. "भेटायला आलात की अजून काही टाकायचंय?"

"पाइकबाई, गैरसमज झालाय," थिया म्हणाली.

"झाला असेल. माझ्या गोठ्यातली सगळी मांजरं गैरसमजातूनच आलीत. शहरातली माणसं येतात, वळणावर गाडी थांबवतात, दार उघडतात, गैरसमज खाली सोडतात आणि जातात. पण खुर्ची देऊन कुत्रं सोडणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. म्हटलं, सोय तरी बघितलीय बिचाऱ्याची."

"तो आपला आपण जाऊन बसला."

"आणि तुम्ही तेव्हा काय करत होता?"

थियाला खोटं सुचलं नाही. "कॉफी पीत होते."

पाइकबाईंनी कोकरू सोडलं. ते उठून, अंग झाडून, सगळ्यांवर रागावून निघून गेलं. "बरं," त्या म्हणाल्या. "तुमचा असेल तर हाक मारा. येईल."

थियाने हाक मारली. जजने डावा कान किंचित हलवला, माशीसाठी हलवतात तसा.

"पोरी, तू मार."

विलाने मारली. जजच्या शेपटीने खुर्चीवर दोन टपल्या दिल्या. उठला मात्र नाही.

"त्याला यायचं नाहीये," पाइकबाई म्हणाल्या.

"तो कुणासाठीच उठत नाही," विलाचा आवाज आता चिरकायला लागला होता. "घराला आग लागली होती तेव्हासुद्धा उठला नाही."

"घराला आगही लागली होती?" पाइकबाईंनी थियाकडे पाहिलं.

आणि मग थियाचा बांध फुटला. पण रडू नाही आलं. आल्या त्या तक्रारी. तीन वर्षं साठलेल्या, एकामागून एक.

"हे बघा. तो माझा आहे हे मी काय सांगू तुम्हाला? तो माझा नाहीच. तो माझ्या नवऱ्याचा. माझं तोंड त्याला आवडत नाही. मी आणलेली गादी त्याने बदकाला दिली. पण तुम्ही त्याला खुर्चीतून उजवीकडून उतरवू नका, उजव्या खुब्यात त्याला दुखतं. डाव्या बाजूने पोटाखाली हात घालायचा, आणि तो कण्हतो ते नाटक असतं, तिकडे लक्ष द्यायचं नाही. टोस्टरला घाबरतो. पाव भाजायचा असेल तर आधी त्याला सांगायचं. सांधेदुखीची गोळी चीजमधून दिली तर चीज खाऊन गोळी खुर्चीच्या फटीत लपवतो, म्हणून शेंगदाण्याच्या लोण्यातून द्यायची आणि गिळेपर्यंत समोर उभं राहायचं, आणि तेवढा वेळ तो असा बघतो की आपणच गुन्हा केलाय. बेकन दिलंत ना तुम्ही? आता रात्रभर वास मारेल. ढग गडगडले की कुणीतरी जवळ बसायला लागतं. बसणारं माणूस तो निवडत नाही, जे जागं असेल ते, आणि आमच्या घरात गडगडाटाला जागं होणारी मी एकटीच आहे, म्हणून मी स्टूल घेऊन बसते त्याच्या शेजारी. स्टूलवर. कारण चांगली खुर्ची एकच आहे आणि तीत तो बसलेला असतो."

तिचा दम संपला. जज घोरायला लागला होता.

विला तिच्याकडे बघत होती. "गोळ्या तू देतेस?"

"मग कोण देणार?"

"मला वाटायचं बाबा देतो."

"तुझ्या बाबाला गोळ्या कुठे ठेवल्यात ते तरी माहीत आहे का?"

"त्याला स्वतःचे मोजे कुठे असतात ते माहीत नाही," विला म्हणाली. म्हणाली आणि थोडी चपापली, घरातली गोष्ट बाहेरच्यांसमोर बोलल्यासारखी. मग तिच्या लक्षात आलं असावं, की बाहेरच्या इथे फक्त पाइकबाई.

पाइकबाई उठल्या. गुडघे पुसले. "कुत्रं घेऊन जा," त्या म्हणाल्या. "एवढ्या तक्रारी परक्या कुत्र्याबद्दल कुणी करत नाही."

थिया डाव्या बाजूने गेली, पोटाखाली हात घातला. जज कण्हला. तिने लक्ष दिलं नाही. मग जज असा काही कण्हला की गोठ्यातल्या मेंढ्यांनी उत्तर दिलं, आणि त्याचे चारही पंजे खुर्चीच्या कापडात रुतलेले निघाले. तिने सोडलं. पंजे सैल झाले. पुन्हा धरलं, पुन्हा रुतले. विलाने मागून ढकललं. खुर्ची सरकली. जज नाही.

"थिया," विला हळूच म्हणाली, "खुर्ची माग ना."

"ती मागायची नसते."

"माहीत आहे. पण माग."

पाइकबाई आकाशाकडे बघत होत्या. "मी काही ऐकलं नाही," त्या म्हणाल्या. "आणि ऐकणारही नाही. माझ्या सासूबाईंनी चुकून आपली दातांची कवळी बाहेर ठेवली होती, टेबलाच्या खणात. टेबल गेलं. वर्षभर पेज प्यायल्या, पण मागितली नाही. रस्त्यावरून उचललेलं परत देत नसतात, आणि मी आजवर कुणाला काही दिलेलं नाही." त्या थांबल्या. "आता, माझ्या फाटकाबाहेर मी काय ठेवावं, हा माझा प्रश्न."

विलाला आधी कळलं. ती चाऱ्याची दोनचाकी गाडी आणायला पळाली. तिघींनी मिळून खुर्ची गाडीवर चढवली, कुत्र्यासकट, कारण त्याला उतरवून पुन्हा चढवणं म्हणजे दोनदा कण्हणं. वाटेभर ती हिंदकळत गेली आणि जज दोन्ही बाजूंच्या मेंढ्यांकडे पाहत राहिला. फाटकाबाहेर, डांबरी रस्त्याच्या कडेला, पाइकबाईंनी खुर्ची नीट, रस्त्याकडे तोंड करून ठेवायला लावली. मग ट्रेलरमधून थियाचीच पाटी काढून टेकवली.

"चांगली पाटी आहे. अक्षर सुंदर."

"थँक्यू," थिया म्हणाली आणि खुर्चीला हात घातला.

"अहं," पाइकबाईंनी तो हात बाजूला केला. "असं माझ्या हातून घेतलंत तर ते देणं झालं. तुम्ही जायचं, आणि रस्त्याने येताना तुम्हाला ही दिसायची. पुलावरून गाडी वळवा. मी आता घरात चाललेय, मला यातलं काही माहीत नाही." आणि त्या खरंच गेल्या, म्हणजे फाटकाच्या खांबाआड गेल्या. बूट दिसत होते.

मग थिया आणि विला पिकअपमध्ये बसून पुलाकडे निघाल्या, आणि पूल काही लांब नाही, आणि गाडी वळवायला जागाही भरपूर आहे, पण नेमका त्याच जागेत हिरव्या पिशव्यांचा ट्रॅक्टर आडवा उभा होता, आणि तो हलेपर्यंत समोरून एक चकचकीत गाडी त्यांच्या शेजारून निघून गेली, कनेक्टिकट राज्याच्या नंबराची, वर टपाला बांधलेला एक जुना आरसा, दोन लाकडी दारं आणि दुधाचा हंडा, म्हणजे

रस्त्यावरचं उचलत फिरणारी माणसं.

"थिया," विला म्हणाली.

"बघितलं मी."

"थिया, चालव."

"ट्रॅक्टर आहे पुढे."

"मग हॉर्न वाजव. तुला हॉर्न वाजवायचीसुद्धा लाज वाटते का?"

थियाने हॉर्न वाजवला. या गावात तिने तीन वर्षांत पहिल्यांदा वाजवला. ट्रॅक्टरवाला इतका चकित झाला की बाजूला झाला.

फाटकाशी पोचल्या तर चकचकीत गाडी थांबलेली. एक गृहस्थ उतरून खुर्चीभोवती फिरत होते, त्यांची बायको पाठीवरचं कापड बोटांनी चाचपत होती. "रंग अस्सल त्या काळचा आहे," ती म्हणत होती. "आणि किती गोड आहे हा." गृहस्थांनी खुर्चीच्या दोन्ही हातांना हात घातले.

थियाने पिकअप नीट उभीसुद्धा केली नाही. दार उघडं टाकून ती पळत गेली, गृहस्थांच्या हातांखालून वाकली, आणि खुर्चीत

बसली.

म्हणजे जिथे जज नव्हता तिथे बसली, आणि तशी जागा फारशी नव्हती. जजने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग एक सुस्कारा सोडून दोन बोटं सरकला आणि आपली हनुवटी, लाळेसकट, तिच्या मांडीवर ठेवली.

"माफ करा," गृहस्थ म्हणाले, "आम्ही ही घेत होतो."

"मी घेतली," थिया म्हणाली.

"पण गाडीत घातलेली नाही."

"घालतेय."

गृहस्थांनी विलाकडे पाहिलं, जी आता धापा टाकत येऊन पोचली होती. सगळ्यात समजूतदार तीच दिसली असावी. "काय प्रकार आहे हा? कुत्रा खुर्चीबरोबर आहे का?"

"नाही," विला म्हणाली. "कुत्रा आमचा आहे."

"आणि खुर्ची?"

"आमचीच आहे."

"आणि या बाई?"

विलाने थियाकडे पाहिलं. थिया अर्धवट रेलली होती, चिखलाचे बूट हवेत, केस तोंडावर, मांडीवर कुत्र्याचं डोकं. खांबाआडचे बूट एक पाऊल पुढे सरकले.

"या पण आमच्याच," विला म्हणाली. "तशा बऱ्या आहेत. पॅनकेक जाळतात, आणि घरातलं सामान बाहेर ठेवायची खोड आहे. पण टाकून देण्याइतक्या काही वाईट नाहीत."

नवराबायको एकमेकांकडे पाहून, जरा लांबून वळसा घालून, गाडीत बसले आणि गेले.

थियाने तोंडावरचे केस बाजूला केले आणि जजच्या कानामागे खाजवलं, जे त्याला आवडत नाही, आणि त्याने ते करू दिलं.

"चल, उठ," विला म्हणाली. "खुर्ची चढवू. बाबा यायच्या आत जागेवर ठेवायची."

थियाने उठायचा प्रयत्न केला. खुर्चीने तिला मागे घेतलं. तिने हातांवर जोर दिला, पाय मारले, एका कुशीवर वळून पाहिलं. खुर्ची खोल होती, उबदार होती, आणि तीत बसलेल्या माणसाला जमिनीवर परत पाठवायचा तिचा मुळीच विचार नव्हता.

"उठता येत नाहीये," ती म्हणाली.

विला कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आणि इतकी वर्षं त्या बिचाऱ्याला आळशी म्हणत होतीस."

"हात दे."

"प्लीज म्हण," विला म्हणाली, आणि हात मागे धरून वाट बघत उभी राहिली.